रखमाजीचा पावटा

राजे पालखीतून फिरत असत, त्या काळची ही गोष्ट. एका खेड्यात रखमाजी नावाचा शेतकरी राहत होता. बायको देवाघरी गेलेली, एकुलती एक लेक सगुणा सासरी. तिला दिवस गेले आणि तिचा निरोप आला, "बाबा, बाळंतपणाला येतेय. आपल्या पावट्याच्या उसळीचे डोहाळे लागलेत."

झालं! रखमाजीचे पाय जमिनीवर ठरेनात. पावटा नुकता फुलावर आला होता. लेक यायची म्हणून त्याने घर सारवलं, अंगण सारवलं, आणि एवढ्यावर थांबेल तर तो बाप कसला? शेताच्या बांधावरचं गवतही त्याने जाळून टाकलं. बांध कसा लख्ख दिसू लागला.

थोड्याच दिवसांत पावट्यावर मावा पडला. कोवळे शेंडे बारीक काळ्या किड्यांनी भरून गेले. त्यांच्यात काही काटेरी, बेढब अळ्या फिरत होत्या. "ह्याच त्या चोरट्या!" म्हणत रखमाजी एकेक अळी वेचून चिरडू लागला. मावा मात्र वाढतच गेला.

एका सकाळी पानावरून बारीक आवाज आला, "बाबा, हात आवरा. ती माझी लेकरं आहेत."

लाल पाठीवर काळे ठिपके असलेली ढालकिड्याची मादी होती ती.

"ही तुझी लेकरं? असल्या रूपाची?"

"तुमची लेक काय जन्मतःच नटून आली होती? माझी पोरं मावा खाऊनच मोठी होतात. आम्ही सगळे बांधावरच्या गवतात राहत होतो. ते तुम्ही जाळलंत. मी कशीबशी वाचले आणि बाळंतपणाला इथे आले."

आपण हे काय करून बसलो, या विचाराने रखमाजीला रडू कोसळलं. त्या दिवसापासून त्याने अळ्यांना हात लावला नाही. उरलेल्या अळ्यांनी मावा फस्त केला, पण तोवर बराचसा पावटा हातचा गेला होता.

सगुणा आली तेव्हा जेमतेम वाटीभर उसळ झाली. खाली मान घालून रखमाजीने तिला सगळं सांगितलं. तिने वाटी पुसून खाल्ली आणि बापाचा हात हातात घेतला.

"बाबा, माझ्यासाठीच जाळलंत ना बांधावरचं? मग आता माझ्यासाठीच वाढू द्या."

त्यानंतर रखमाजीने कधी बांध जाळला नाही, आणि त्याचा पावटा पुन्हा असा गेला नाही.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, जे आपलं पीक राखतात, त्यांना राहायला शेतात जागा ठेवावी.