मेहुण्याचा दोर

“...आन् पयल्या दिवशी किती?”

“साठ. फार तर सत्तर हजार. तेवढे गृहीत आहेत, बाबा.”

वेणू दाराआड चहाची पातेली उतरवत होती. हे तिच्यासाठी बोललेलं नव्हतं. पण कुडाच्या भिंतीला कुठलं गुपित माहीत असतं? आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं.

तिनं पातेली पुन्हा चुलीवर ठेवली. उकळलेल्या चहाला आणखी एकदा उकळू दिलं.

‘गृहीत’ हा शब्द तिला ठाऊक होता. वेणू बारावी झालेली. गृहीत म्हणजे जे सिद्ध करायचं नसतं, नुसतं मानायचं असतं.

ओट्यावर दोघं बसले होते. एक धावजीबाबा, तिचे आजेसासरे. कड्यावरचा मध काढण्यात सगळी हयात गेलेली. ऐंशी पावसाळे पाहिलेला हा माणूस बसला की असा बसायचा, जणू तिथं आधीपासून दगडच होता आणि त्याला मागाहून पागोटं बांधलं.

दुसरे जनरल घारपुरे. छत्तीस वर्षांपूर्वी लेफ्टनंट असताना कडा कसा उतरायचा ते शिकायला फौजेनं त्यांना याच ओट्यावर धाडलं होतं. त्यानंतर ते मेजर झाले, कर्नल झाले, जनरल झाले. बाबा त्यांना अजून ‘लेफ्टन’च म्हणत. बढती द्यायचं त्यांच्या कधी मनातच आलं नाही.

दर मोठ्या कामाआधी जनरल एकदा इथं येऊन जात. आजही गाडी पायथ्याला ठेवून, दीड तास चढून आले होते. परवा राजधानीत बैठक व्हायची होती. सीमेवर दोन्हीकडून फौजा सरकत होत्या. काय करायचं ते ठरवणाऱ्यांना जनरलनी आपलं मत द्यायचं होतं, आणि त्यांच्या मतावर बरंच काही हलणार होतं.

“हे बोलायचं नसतं, बाबा,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “पण तुमच्यापासून काय लपवू. घरात कुणी नाही ना?”

“घरात घरातलीच,” बाबा म्हणाले.

वेणू आत जागच्या जागी थिजली. म्हाताऱ्याला ठाऊक होतं तर!

“मी सात पायऱ्या आखल्यात,” जनरल सांगू लागले. आवाजात खुमारी होती. चांगलं काम केलेल्या माणसाला असते तशी. “पहिला वार आपण करायचा. मग ते करतील, मग आपण. प्रत्येक पायरीवर थांबायची सोय ठेवलीय. कुठंही थांबता येतं.”

“सातवी पायरी कसली?”

“सातवीनंतर... मोजायला कुणी राहत नाही.”

“मंग बांधली कशाला?”

“ती आहे म्हणूनच सहावीवर थांबता येतं, बाबा.”

बाबांनी तंबाखू मळली. मळून झाली तरी मळतच राहिले.

“लेफ्टन, तुला पयल्या दिवशी काय शिकवलं व्हतं?”

जनरल हसले. “आग्या माशी चावली तर मारायची नाही.”

“का?”

“मेलेल्या माशीचा वास सुटतो. त्या वासावर दुसरी येते. दुसरी मारली की दहा येतात.”

“मंग?”

“मग मोहोळ उठतं.”

“तुझ्या पायऱ्या सात. बराबर?”

“बरोबर.”

“मोहोळाला सांगितलंयस?”

...

वेणूला आत हसू आलं, आणि लगेच आलं तसं गेलंही. तिनं पदरानं पातेली धरली.

“तेही थांबतील,” जनरल म्हणाले. “त्यांनाही जीव प्यारा आहे.”

“कशावरनं?”

“अहो, सातव्या पायरीला पाय लावायला कोण मूर्ख आहे?”

“आस्सं!” बाबा म्हणाले. “म्हंजी आपली समदी भिस्त त्येंच्या शानपनावर.”

तेवढ्यात वेणू चहा घेऊन बाहेर आली. तिला पाहून जनरलांचा कप घ्यायला पुढं झालेला हात हवेतच राहिला.

“ही...?”

“नातसून. काशिनाथची बायको.”

“मला वाटलं, घरातल्या बायका पाण्याला गेल्या असतील.”

“पानी सकाळीच आनलं,” बाबा म्हणाले.

वेणूनं खाली पाहिलं. नव्या नवरीला खाली पाहायची एक सवलत असते. खाली पाहता पाहता तिला सगळं दिसतं. जनरलांच्या बुटाची एक नाडी सुटली होती, एवढंही दिसलं.

तिच्या लग्नाला चाळीस दिवस झाले होते. काशिनाथ तोफखान्यात. रजा अजून बारा दिवस उरली होती. परवा संध्याकाळी टेकडावर उभं राहून त्यानं फोन घेतला, नुसतं ‘जी साब’ म्हणाला, आणि घरात येऊन बूट शोधू लागला. एक बूट सापडला. दुसऱ्यात वेणूनं लसूण वाळत घातला होता. त्यावरून दोघं इतकी हसली, इतकी हसली, की सासरे रामजी बाहेरून खाकरले. आज पहाटे सासरे त्याला स्टेशनवर पोचवायला गेले ते अजून यायचे होते.

ती चहा देऊन आत गेली. पातेलीत उरलेला चहा तिला पिववेना. साठ हजार मरणार की सत्तर? मधल्या दहा हजारांत काशिनाथ असेल का? की तो आधीच्या साठांत?

बाहेर जनरल उठले.

“बाबा, एकदा उतरून येतो. रिवाजाप्रमाणं.”

तसा रिवाजच होता. मोठ्या कामाला निघण्याआधी जनरल बाबांच्या दोरावर कड्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंत उतरत. खालच्या पोटात लोंबणारी मोहोळं लांबूनच पाहत, आणि वर येत. त्यानंतर बाबा त्यांच्या तळव्यावर मधाचं एक बोट टेकवत. त्याखेरीज आशीर्वाद पुरा होत नसे.

“रामजी कुठं आहे? दोर कोण धरणार?”

इथं दोराची एक गोष्ट सांगायला हवी.

या वाडीत कड्यावर उतरणाऱ्याचा दोर त्याचा मेहुणा धरतो. बायकोचा भाऊ. दुसऱ्या कुणाच्या हातात तो जात नाही. सख्ख्या भावाच्याही नाही, कारण भावाभावांत बांधाची कुरबुर असते. मित्राच्याही नाही, मित्र कधी प्यालेला असेल सांगता येत नाही. पण मेहुण्याची बहीण त्या दोराला लोंबत असते. उतरणारा पडला, की धरणाऱ्याच्याच घरी पांढरं कपाळ परत येतं. हजार शपथांपेक्षा हे बरं, असं जुन्या माणसांनी ठरवलं.

वेणूच्या लग्नात अक्षता पडल्यावर दोराचं एक टोक काशिनाथच्या कमरेला बांधलं आणि दुसरं तिच्या भावाच्या हातात दिलं होतं. बाबांनी तीनदा विचारलं, “सोडशील?” तिचा भाऊ, जो तिला लहानपणी झाडावर चढवून शिडी काढून घ्यायचा, तिन्ही वेळा एकच बोलला, “बहीण तिथं हाय.” तिसऱ्या वेळी त्याचा आवाज चिरकला. सगळा मांडव हसला. वेणू हसली नव्हती.

जनरल परके. त्यांचा दोर कुणी धरायचा? म्हणून वेणूच्या सासऱ्यांनी, रामजीनं, जनरलांच्या बायकोला चोळीबांगडी करून बहीण मानलं होतं. तेव्हापासून दोर रामजीच धरी.

“रामजी पोराला पोचवाया गेलाय,” बाबा म्हणाले. त्यांनी आपले दोन्ही हात पुढं केले. बोटं थरथरत होती. “ह्ये आता तंबाखूपुरतं उरल्यात.”

“मग?”

बाबांनी मान न वळवता हाक मारली.

“वेणू... दोर घे.”

तिघं कड्यावर आले. वैशाखाचं ऊन कातळावर तापत होतं. घायपाताचा दोर तिनं खांद्यावरून आणला होता. तो ओलांडायचा नसतो, पाय लावायचा नसतो, हे तिला सासरी आल्या दिवशीच सांगितलं होतं. जेवायला किती वाजता बसतात ते मात्र आठवड्यानं कळलं.

बाबांनी अंजनीच्या खोडाला दोराचे दोन वेढे घातले. थरथरत्या बोटांनी घातले, पण वेढा एकही चुकला नाही. वेणू बघत राहिली. हात थकला तरी हातातलं काम थकत नाही, असं काहीसं तिच्या मनात आलं.

जनरलनी कमरेला गाठ मारली. एका दमात, न बघता. तेही बघण्यासारखं होतं. शिकवणाऱ्यानं शिकवावं तर असं आणि शिकणाऱ्यानं शिकावं तर असं.

दोराचं मोकळं टोक बाबांनी वेणूच्या हातात दिलं.

“हिला झेपेल का, बाबा?”

“झाडानं निम्मा भार घेतलाय. हिचं काम येवढंच, सोडायचा न्हाय.”

जनरल कड्याच्या तोंडाशी, दरीकडे पाठ करून उभे राहिले. आता फक्त मागं रेलायचं होतं. सगळा भार दोरावर टाकायचा होता. हे त्यांनी शेकडो वेळा केलं होतं.

त्यांनी वेणूकडे पाहिलं.

“नवरा कुठल्या तुकडीत?”

तिनं सांगितलं.

जनरलांचा चेहरा बदलला नाही. फौजेत चेहरा बदलू न द्यायला शिकवत असावेत. पण दोरावरची त्यांची मूठ आवळली, ते तिला दोरातूनच कळलं. ती तुकडी परवा कुठं उभी असेल, हे त्या डोंगरावर एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

“मघाशी तू आत होतीस?”

“होते.”

“ऐकलंस?”

वेणूनं मान हलवली.

“किती?”

“सत्तर हजारांपासून.”

...

वारा पडला होता. खालून मोहोळांची घुमघुम येत होती. लांबच्या लांब, एकसारखी, झोपलेल्या जनावराच्या श्वासासारखी.

जनरल रेलले नाहीत. एक पाय उचलला, पुन्हा टेकवला. छातीवर बिल्ल्यांच्या तीन ओळी मिरवणारा माणूस हातभर दोराकडे बघत उभा राहिला.

“बाबा... दुसरं कुणीच नाही का?”

“का रं? भ्यालास?”

“तसं नाही, पण...”

“सोडनार न्हाय ती.”

“कशावरून?”

शब्द तोंडून गेला आणि त्यांचा त्यांनाच ऐकू आला. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा तंबाखूची चंची शोधत होते. ती त्यांच्या हातातच होती.

“तिलाबी जीव प्यारा हाय,” बाबा म्हणाले. “तूच म्हनाला न्हवं?”

खालून एक आग्या माशी वर आली. चुकार, एकटीच. ती जनरलांच्या कानामागं बसली. त्यांची मान आखडली. हात वीज चमकावी तसा वर गेला, आणि कानापाशी पोचून थांबला.

माशी चावली.

हात तसाच उघडा, हवेत. डोळ्यांत पाणी आलं. पण हात हळूहळू खाली आला, मोकळाच. माशी लंगडत उडाली आणि दरीत गेली. तिच्यामागं कुणी आलं नाही.

बाबांनी हे सगळं पाहिलं. पागोटं जरा मागं सारलं. चाळीस दिवसांत वेणूनं त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. लग्नातही नाही.

मग दोघंही तिच्याकडे बघू लागले.

वेणू चाळीस दिवस या घरात फारसं बोललीच नव्हती. बोलली तर शाळेतलं बोलेल, शेजारणी हसतील, म्हणून. आता तिनं पदर खोचला. खाली बसून दोन्ही टाचा कातळाच्या खाचेत रोवल्या. दोर कमरेमागून घेतला, एक पीळ मनगटाला दिला. आता दोर गेला तर ती त्याच्यासकट जाणार होती, हे वेगळं सांगायची गरज उरली नाही.

जनरलनी ते पाहिलं.

“उतरा, साहेब,” ती म्हणाली. “तुमचा दोर मी धरलाय. त्या सत्तर हजारांचा कुठल्या मेहुण्यानं धरलाय, तेवढं वर आल्यावर सांगा.”