उप्पलेने खुडलेले अक्रोड

पूर्वी गांधार देशात उग्गसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्वाने डोंगरातल्या एका गावी गृहस्थाच्या कुळात जन्म घेतला. त्याचे नाव नंदिय. घरामागे थोडी बाग, जवळ ओढ्याचे पाणी आणि उप्पला नावाची बायको, एवढाच त्याचा संसार. मूल नव्हते, त्यामुळे उप्पलेचा सगळा जीव नवऱ्यातच गुंतलेला होता.

त्या गावात अक्रोडाचे झाड फक्त म्हाताऱ्यांनी लावायचे, अशी रीत होती. झाडाला पहिले फळ धरले की लावणारा मरतो, असे सगळे मानीत. एका साली साथ आली आणि गावातली म्हातारी माणसे गेली. पुढे जुनी झाडेही एकेक करून वठली. हिवाळ्यात दिव्याला तेल मिळेना, पोरांच्या हातावर ठेवायला गर उरला नाही. तरी झाड लावायला कोणी पुढे येईना. विषाची परीक्षा कोण घेणार?

नंदियाने घेतली. हिवाळाभर ओल्या वाळूत पुरून ठेवलेला एक जड अक्रोड त्याने बागेच्या कडेला लावला. त्याच्या सावलीत भाजी नीट धरत नाही म्हणून वाफ्यांपासून लांब, आणि त्याचे सोटमूळ हलवलेले सोसत नाही म्हणून कायमच्याच जागी. उप्पलेने ते पाहिले आणि तिच्या काळजाचे पाणी पाणी झाले.

"कशाला हे नसतं दुखणं?" ती म्हणाली. "गावात मरायला दुसरं कोणी नव्हतं का?"

"अगं, याला फळ धरायला एक तप लागतं," नंदिय हसून म्हणाला. "पिकल्या म्हाताऱ्यानं लावलं, तर तोवर तो जाणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, त्यात झाडाचा काय दोष? मी माझ्या झाडाचे अक्रोड खाऊन धडधाकट फिरलो, की लोकांची भीती जाईल. मग घरोघरी झाडं होतील."

उप्पलेला ते पटले. पण पटले म्हणून भीती थोडीच जाते?

रोप वाढले, खांद्याएवढे झाले, मग छपराच्या वर गेले. एका वसंतात फांद्यांच्या टोकांना इवली हिरवी फळे दिसली. दुसऱ्या दिवशी पहाटे नंदिय ओढ्याचे पाणी वळवायला गेला, तशी उप्पला शिडी लावून चढली. तिने एकूण एक फळ खुडले आणि शेणखताच्या खड्ड्यात पुरून टाकले. पुढच्या वसंतात तेच, आणि त्याच्या पुढच्याही. शेजारी म्हणत, "नंदिया, तुझं झाड वांझ निघालं." नंदिय म्हणे, "असेना का, सावली देतंय." मूल नसलेल्या उप्पलेला तो शब्द फार लागे. तरी नवरा समोर बसून जेवत असला की तिला सगळे विसरायला होई.

मग एका हिवाळ्यात नंदियाला ताप भरला तो उतरेना. काढे झाले, शेक झाले. तो वाचत नाही हे कळले, तेव्हा उप्पलेला राहवले नाही.

"झाड वांझ नाही," ती रडत म्हणाली. "फळं मीच खुडली. तुम्ही जगावं म्हणून. आणि तुम्ही तरी निघालातच."

"मला ठाऊक होतं," नंदिय म्हणाला. "दर वसंतात हिरव्या अक्रोडाच्या रसानं तुझी बोटं काळी व्हायची. डाळिंब सोललं म्हणायचीस. वसंतात डाळिंब कुठलं गं?"

"मग अडवलं का नाहीत?"

"अडवलं असतं तर अक्रोड मिळाले असते, पण तुझ्या डोळ्याला डोळा लागला नसता. मला तुझी झोप मोडवेना." थोडा दम घेऊन तो म्हणाला, "गावाचं काम मात्र राहिलं. तेवढं तू कर."

तो गेला. गावकरी कुऱ्हाडी घेऊन आले. "बघा, या झाडानं फळाचीही वाट पाहिली नाही," ते म्हणाले. "हे आता आपल्याही जिवावर उठेल."

उप्पला बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. "फळ धरलं त्याला कितीतरी वर्षं झाली," ती म्हणाली. "मी ते खुडत होते. धरलं तेव्हा हे मेले नाहीत, आणि खुडलं म्हणून वाचलेही नाहीत. माणूस आपल्या वेळेला जातो. तोडायचंच असेल तर आधी मला तोडा."

सगळ्या गावासमोर तिने आपली चोरी सांगितली. गावकऱ्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या.

पुढच्या शरदात झाड लगडले. उप्पलेने काठीने अक्रोड झोडले आणि पेरण्यासाठी घरोघर वाटले. तरण्याताठ्यांनीही ते लावले. शेवटी तिने एक फोडून तोंडात घातला, पण तो तिला गिळवेना. ज्याने झाड लावले, त्याला त्यातला एकही तिने चाखू दिला नव्हता.

ही कथा शास्त्याने, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, सुभगा नावाच्या विधवेला सांगितली. वाटेत काही होईल या भीतीने तिने नवऱ्याला कधी परदेशी व्यापाराला जाऊ दिले नव्हते, आणि तो घरीच आजारी पडून वारला होता. 'मी त्यांचं आयुष्य कोंडून ठेवलं,' म्हणून ती विहारात येऊन आक्रोश करीत होती.

शास्ता म्हणाला, "बाई, तेव्हा कुऱ्हाडी घेऊन आलेले गावकरी म्हणजे आता इथे बसलेले हे भिक्षू. उप्पला ती तू होतीस, आणि नंदिय मी होतो. मला तुझा राग आला नव्हता."

आपल्या माणसाच्या भीतीवर न रागावता ती सोसण्याला क्षांती म्हणतात. त्या जन्मी बोधिसत्त्वाने क्षांती पाळली.