तिसरी घंटा

फार पूर्वी माळावरच्या एका कुंपणाला बोलकं फाटक होतं. आत तीन शेळ्या राहायच्या: तांबडी, काबरी आणि लंगडी भुरी. धनगराने तिघींच्या गळ्यात घंटा बांधल्या होत्या. संध्याकाळी एकेक शेळी घंटा वाजवत आत शिरायची आणि तिसरी घंटा वाजली की फाटक मिटायचं. मग सकाळी धनगर अडसर काढेपर्यंत ते उघडत नसे.

"मला बघावंसुद्धा लागत नाही," फाटक ऐटीत म्हणायचं. "घंटा मोजल्या की झालं."

एका संध्याकाळी तांबडी आत आली, मागोमाग काबरी आली. तेवढ्यात तांबडीला बाहेर पडलेल्या बाभळीच्या शेंगा आठवल्या. ती घंटा न वाजू देता हळूच बाहेर गेली, दोन शेंगा खाऊन परत आत शिरली. तिसरी घंटा वाजली आणि फाटक मिटलं.

जरा वेळाने बाहेरून भुरीचा आवाज आला, "फाटकदादा, मी राहिले ना!"

"उगाच काहीतरी सांगू नकोस. तीन मोजल्यात मी."

"त्यातल्या दोन माझ्याच होत्या, दादा," आतून तांबडी हळूच म्हणाली.

फाटकाने सगळा जोर लावला, पण अडसर हलला नाही. तेवढ्यात त्याला झुडपामागे लांडगा दिसला. "पळ, भुरे!" ते ओरडलं. भुरी लंगडत पळाली.

सकाळी धनगराला माळावर फक्त घंटा सापडली. ती त्याने फाटकालाच बांधली.

आता फाटक प्रत्येकीला नाव विचारून आत घेतं. दोघी आल्या की मिटतं, आणि मिटताना त्याची घंटा वाजते. रोज बरोबर तीन भरतात.