अर्धे पाऊल पुढे

विदेह देशात एक धर्मशील राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी गंडकीच्या काठी बैलाचा जन्म घेतला होता. सोणक नावाच्या कुणब्याच्या गोठ्यात ते वाढले. रंगावरून त्यांना सगळे पिंगळ म्हणत.

घर लहान होते. सोणक, त्याची लेक सामा, एक गाय, तिचा गोऱ्हा, थोड्या शेळ्या आणि नदीकाठचा जमिनीचा पट्टा. वसंतात पाणी ओसरले की तिथे गाळ उघडा पडे आणि त्यात मूग पेरायचा. गाळातली ओल फार टिकत नाही. ती गेली की जमीन विटेसारखी होते, मग उन्हाळाभर माणसांना मूग नाही आणि जनावरांना पाला नाही.

त्या वर्षी पिंगळाचा जोडीदार हिवाळ्यातच मेला होता. ओल उडायला लागली तेव्हा सोणकाने गोऱ्ह्याच्या पाठीवर थाप मारली. "उद्या हा जुंपायचा."

सामाने त्या गोऱ्ह्याला पेज पाजून वाढवले होते. ती म्हणाली, "बाबा, त्याचे दुधाचे दातसुद्धा पडले नाहीत अजून."

"मी काय दात मोजून नांगराला लागलो होतो? बापाने धरले आणि उभे केले."

"म्हणून तर आता कंबर धरून चालता."

सोणक हसला. तेवढ्यात सामाने हळूच मनातले सांगितले. "जुंपायचाच असेल तर जुवाची मधली खाच पिंगळाच्या बाजूला सरकवू या. गोऱ्ह्याकडची बाजू लांब झाली की त्याच्यावर ओझे कमी येते. पलीकडच्या गावात असेच करतात."

सोणकाचे हसू मावळले. जू असमान झाले की घर असमान होते, भाऊ भावापासून तुटतो, अशी त्यांच्या घराण्याची समजूत होती. "हे जू माझ्या आज्याने घडवले, पोरी. तू काल जन्मलीस."

"घरात भाऊ आहेत कुठे तुटायला?"

"गप्प बस!"

सकाळी नांगर चालू लागला. पहिल्याच तासात, नांगराच्या पहिल्याच रेघेत, पिंगळाला जुवातून गोऱ्ह्याची थरथर कळली. तो जनावरांच्या बोलीत म्हणाला, "तू माझ्यामागे अर्धे पाऊल राहा. ओढायचे माझ्यावर सोड."

"धनी मारील ना," गोऱ्हा म्हणाला.

"मारील तर मला मारील. पुढे मी आहे."

सामा मागून मूग सोडत येत होती. तास वाकडे चालल्याचे तिला दिसले, आणि का ते उमगलेही. सोणकाला मात्र वेगळेच दिसले. "म्हातारा माजलाय. पोराला बरोबरीने येऊच देत नाही!" त्याने हातातली टोकदार पराणी पिंगळाला टोचली. पिंगळ क्षणभर मागे सरला. गोऱ्ह्याचे गुडघे वाकले, तसा पिंगळ पुन्हा पुढे झाला. पुन्हा पराणी बसली.

सामाने धावत येऊन बापाचे मनगट धरले. "बाबा, तो माजला नाही! तो गोऱ्ह्याचे ओझे घेतोय!"

"बैलाला एवढी अक्कल असती तर त्याने मला नांगराला जुंपले असते. सोड हात."

तिने हात सोडला. विळा कमरेला होता. जुवाची दोरी कापायला एक क्षण पुरला असता. पण बापाच्या शब्दापुढे ती मागे सरली आणि मूग सोडू लागली. हे तिला पुढे जन्मभर आठवत राहिले.

पेरणी पुरी झाली आणि पिंगळ बांधाशी गुडघ्यांवर बसला. सोणकाने जू उतरवले. पिंगळाचा खांदा सोलून मांस उघडे पडले होते. सोणकाने गोऱ्ह्याच्या मानेवरून हात फिरवला. तिथला केसही झडला नव्हता. त्याचा हात तिथेच थांबला.

त्याने हळद लावली, ओंजळीने पाणी पाजले. पाणी ओठांवरून ओघळून गेले. मग पिंगळ मनुष्यवाणीने बोलला, "धनी, तुमच्यावर राग नाही. गोऱ्ह्याला मात्र एवढ्यात जुंपू नका." एवढे बोलून त्याने मान टाकली.

सोणक मातीत बसून लहान मुलासारखा रडला. "सामे, मी आंधळा झालो होतो. तू माझा हात का नाही धरलास गं?"

"धरला होता, बाबा."

मूग उत्तम उगवला. त्या घरात तो कोणाला गोड लागला नाही.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता समोरच्या भिक्षुसंघाकडे पाहत म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा सोणक म्हणजे आज सकाळी एका तरुण भिक्षुणीला 'तू काल आलीस' म्हणून गप्प करणारा हा वृद्ध भिक्षू. सामा म्हणजे ती भिक्षुणी. गोऱ्हा हा आपला धाकटा, नवशिका श्रामणेर, आणि पिंगळ मीच होतो." वृद्ध भिक्षूने मान खाली घातली.

मारणाऱ्यालाही ज्याने क्षमा केली त्या बैलाची ही क्षांती पारमिता, म्हणजे क्षमेची परिपूर्णता. क्षमा सोणकाला मिळाली, पण बैल परत मिळाला नाही.