शिरोंड्याचं लोटलेलं दार

चपला जोत्याखालीच राहू द्या, पाहुणे. वर देऊळ नाही, तरी शिरोंड्यात कुणी पायताण घालून इथे चढत नाही. समोर ती सागवानी चौकट उभी दिसते ना, मागे भिंत नाही, वर छप्पर नाही, ती कुठल्या घराची नव्हे. ती नाटकाची. इथे पूर्वी थिएटर होतं, कौलारू, खाडीकडे पाठ करून बांधलेलं. ते पडलं. कौलं लोकांनी नेली, वासे चुलीत गेले. चौकटीला मात्र कुणी हात लावला नाही. का, ते ऐका.

इंग्रजांच्या अमदानीत गावची स्वतःची नाटक मंडळी होती. तीत जिवाजी परुळेकर नावाचा तरुण नट बायकांची कामं करी. तो लुगडं नेसून उभा राहिला की बायकासुद्धा त्याच्या निऱ्या निरखत, म्हणे. जिवाजी पाळण्यात असताना त्याचा बाप मजुरीच्या करारावर मोरस बेटाला, म्हणजे मॉरिशसला, उसाच्या मळ्यांत गेला, तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. आई द्वारकाबाई कुंकू लावीत राहिली. दिवेलागणीला ती उंबऱ्याशी बसायची आणि आत जाताना रिकाम्या पाणंदीला सांगायची, "दार नुसता लोटलेला आसा. कडी नाय. येवा."

त्या सुमारास वालावलकर मास्तर पाँडिचेरीची नोकरी सोडून गावी परतले. तिकडे ते फ्रेंच शिकले होते आणि येताना एक फ्रेंच प्रहसन घेऊन आले होते. गोष्ट अशी, की नवरा समुद्रापार गेलेला आणि घर बळकावायला नातेवाईक येऊन बसलेले. त्यांना हुसकावायला बायको सांगत सुटते, आज यजमान येणार! मग दार वाजलं की एकेक जण माळ्यावर, कणगीत, खाटेखाली लपतो. शेवटी जोरात थाप पडते, एकच पळापळ होते, ती 'या' म्हणून दार उघडते, तर बाहेर शेजाऱ्याची बकरी. पडदा.

मास्तरांनी त्याचं मराठी केलं आणि नाव ठेवलं 'मोरसचे यजमान'. पण बायकोच्या तोंडची भाषा काही केल्या जमेना. ती फ्रेंच बाई मराठीत येऊनही पुस्तकासारखी बोले. एकदा तालमीत जिवाजीने सहज आपल्या आईची नक्कल केली. तोच आवाज, पदर खांद्यावर ओढायची तीच लकब, पाणंदीला सांगायचं तेच वाक्य. मंडळी पोट धरधरून हसली.

"हेच ठेव," मास्तर म्हणाले.

जिवाजीने ठेवलं. आई नाटकाला कधी जात नसे. तिला कळणार कुठून?

खेळ तुफान चालला. मालवणात झाला, सावंतवाडीत झाला, मंडळी घाट चढून बेळगावला गेली. तिथे मात्र निराळंच घडलं, असं सांगतात. दारावर थापा मारायचं काम तातू मेस्त्रीकडे असे. त्या दिवशी बकरीचं दावं सुटलं म्हणून तो तिच्यामागे धावला होता. तरी थाप पडली, अगदी वेळेवर. पुढच्या मुक्कामी दार उघडलं तर उंबऱ्यावर पाणी. तातूने बोट लावून चाखलं. खारं होतं. समुद्रापासून इतक्या लांब, घाटावर! नट कुरकुरू लागले. जिवाजी हसण्यावारी नेई, पण ते वाक्य आता तो दाराकडे पाठ करून म्हणे.

मंडळी शिरोंड्याला परतली. बायकांसाठी दुपारचा खास खेळ लागला. 'तुमच्या घरचंच नाटक आहे हो,' असं कुणीतरी द्वारकाबाईच्या कानावर घातलं होतं. ती आली. जिवाजीला ती दिसली तीच मुळी शेवटच्या प्रवेशात, अगदी पुढे, सतरंजीवर बसलेली. आजूबाजूच्या बायका हसून लोळत होत्या. ती लेकाच्या तोंडून स्वतःचा आवाज ऐकत होती.

दारावर थाप पडली. जिवाजीने विंगेत पाहिलं. तातूचे दोन्ही हात बकरीच्या गळ्याभोवती होते आणि तो पांढराफटक पडून मान हलवत होता. मी नाही, मी नाही. पुन्हा थाप. आता वाक्य यायचं, पण जिवाजीला ते म्हणवेना. हशा विरत गेला. फळ्यांच्या फटींतून पाणी आत झिरपू लागलं. पुन्हा थाप पडली, या वेळी हळू, लांबून चालून दमलेल्या माणसाची असावी तशी.

द्वारकाबाई उठून उभी राहिली.

"दार नुसता लोटलेला आसा," ती म्हणाली. "कडी नाय. येवा."

दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. निदान इतरांना तरी दिसलं नाही. द्वारकाबाई पायऱ्या चढून वर गेली, उंबऱ्याशी थांबली आणि उंच माणसाकडे पाहावं तशी तिने मान वर केली.

"किती भिजलास ओ," ती म्हणाली. मग लुगड्यातल्या लेकाचं मनगट धरून तिने त्याला पुढे ओढलं. "पाया पड, जिवा. तुझो बापूस."

जिवाजी वाकला. मोकळ्या फळ्यांवर हात टेकायला गेला आणि त्याच्या बोटांना गार, ओले पाय लागले. अंगठे, नखं, टाचांच्या भेगा. त्याने ते दोन्ही हातांनी घट्ट धरले, आणि धरता धरताच, म्हणे, ओंजळीतून पाणी जावं तसे ते निघून गेले.

द्वारकाबाईने तिथेच, साऱ्या गावच्या बायकांसमोर, पदराने कपाळ पुसलं. रडली नाही. "आता तेंका पिंड घाल," एवढंच लेकाला म्हणाली. खाडीकाठी जिवाजीने बापाचं सगळं केलं. कावळा पिंडाला शिवायला क्षणभरही थांबला नाही. पुढे जिवाजीने पुष्कळ बायका रंगवल्या, पण आईचा आवाज पुन्हा काढला नाही, आणि 'मोरसचे यजमान' पुन्हा कुणी लावलं नाही.

ज्यांचं माणूस समुद्रावर गेलं आणि आलं नाही, अशी घरं या किनाऱ्याला अजून आहेत. कुणी बोटीवर गेला, कुणी आखातात, कुणी मासे धरायला. त्या घरच्या बायका आजही सर्वपित्रीच्या दुपारी या जोत्यावर येऊन बसतात. बहुतेक वर्षी काही होत नाही. एखाद्या वर्षी मात्र त्यांच्यातली एक अचानक उठते, उंबऱ्याशी जाते, वाकते आणि मागे वळून घरच्या वाटेला लागते. बाकीच्या तिच्याकडे बघत नाहीत. नुसत्या सरकून वाट करून देतात, दोघं जातील एवढी.