चिंध्यांचा पोपट आणि येसूआक्काचे हात

एका राज्यात सूर्य मावळला की शिवलेलं सगळं उसवायचं. राज्याचं नाव विचारू नका; ते झेंड्यावर भरलेलं होतं आणि झेंडाच उसवला. सदरे खांद्यावरून गळायचे, जोडे आ वासायचे, खोगिरं सुटून स्वार रस्त्यात बसायचे. शहाणी माणसं दिवस कलला की घर गाठत आणि चादर गुंडाळून बसत. प्रधानजींना मात्र बोलणं आवरत नसे. एकदा भरदरबारात ते बोलतच राहिले, आणि त्यांच्या तुमानीला तेवढा धीर नव्हता. असो.

हा सगळा उच्छाद उसवनाथ नावाच्या जादूगाराचा. चैत्रातल्या पाडव्याला तो दरबारात आला, तेव्हा राजशिंपीण येसूआक्का राजाच्या अंगरख्याला बंद लावत होती. काय हात होता तिचा! टाका तांदळाच्या कणीएवढा, आणि ओळ अशी सरळ की कारागीर भिंत बांधताना तिच्याकडून दोरी लावून घेत. राजा दहा दिवसांचा असताना त्याची आई गेली. मग आक्कानेच त्याला अंगावर पाजून वाढवलं. जगात तिला दोनच गोष्टींचा लोभ होता, एक सुई आणि दुसरा राजा.

उसवनाथ म्हणाला, "बाई, तुझा टाका कधी उसवला नाही ना?"

"नाही," आक्का मान वर न करता म्हणाली. "उजेड अडवू नकोस."

उसवनाथने चुटकी वाजवली. सिंहासनावर राजाच्या जागी चिंध्यांचा एक पोपट बसला होता. त्याच्या पोटाची शिवण सुटली होती आणि आतला कापूस दिसत होता.

"आजपासून मोठ्या माणसाचा टाका सूर्यास्ताला सुटेल, लहान पोराचा तेवढा टिकेल," उसवनाथ म्हणाला. "तीन पोरांनी तीन कामं करावीत. एक रुमाल, एक बटवा, आणि तिसरं या पोपटाचं पोट. एक टिकल्याशिवाय पुढच्याला हात लावू नये. कामात मोठ्याचा एक टाका जरी पडला, तर सगळं काम सुटेल. ज्येष्ठी पौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत मुदत. त्यानंतर याच्यात कापूस उरणार नाही." एवढं बोलून तो धुरासारखा निघून गेला.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? अवघड हे, की त्या राज्यात एकाही पोराला सुई धरता येत नव्हती. येणार कुठून? पोराने सुई उचलली की आक्का म्हणायची, "आण इकडे, तुझं होईपर्यंत माझी दिवाळी होईल." तिचं खरंच पटकन व्हायचं. म्हणून तीस वर्षं कुणी कुणाला शिकवलं नाही, आणि कुणाला त्यात काही चुकलंसं वाटलंही नाही.

प्रधानजींनी तीन पोरं आणून पडवीत बसवली. राजकन्या इंदुवदना नऊ वर्षांची. पोपट तिचा बाप. कोतवालाचा भीमक आठ वर्षांचा. माळ्याची ठकू सहा वर्षांची, आणि तिच्या पुढच्या दोन दातांचा पत्ता नव्हता. वाळ्याचे पडदे सोडले, पन्ह्याचा हंडा ठेवला, पोपटाला दांडीवर बसवलं आणि उन्हाळ्याची शिकवणी सुरू झाली.

देवा, काय ती शिकवणी! इंदुवदनेला पुन्हा पुन्हा सुई ओवायचा कंटाळा, म्हणून ती दोरा घ्यायची पडवीभर लांब. दोन टाके झाले की त्याचा गुंता व्हायचा आणि गुंता सोडवण्यात सकाळ जायची. भीमक दोऱ्याला गाठच मारायचा नाही. एका टोकाकडून मोठ्या अभिमानाने शिवत जायचा आणि दोरा दुसऱ्या टोकाकडून शांतपणे बाहेर यायचा. आणि ठकू? ठकू मांडीवर कापड घेऊन शिवायची. काम संपवून उठली, की कापड तिच्याबरोबर उठायचं, कारण ते तिच्या परकराला शिवलेलं असायचं. दर वेळी, अगदी दर वेळी!

"उसव!" आक्का ओरडायची.

पोरं उसवायची, पुन्हा शिवायची. "उसव!" आक्का पुन्हा ओरडायची. पडवीतल्या चिमण्यासुद्धा "उसव, उसव" म्हणायला शिकल्या.

दांडीवरून पोपट म्हणे, "आक्का, आमचा कापूस उडतो आहे."

खरंच उडत होता. रोज एक पुंजका पोटातून निघे आणि जमिनीला लागायच्या आत नाहीसा होई. आक्का तिकडे बघायची आणि मनात उरलेले दिवस मोजायची. पण ते पोरांना कसं कळावं? त्यांना दिसायची ती फक्त ओरडणारी आक्का.

पहिलं काम रुमालाचं. चौकोनी कापड, चार बाजू दुमडायच्या, साधा धावदोरा घालायचा. त्याला पंधरा दिवस लागले. शेवटी चौथा कोपरा उरला. भीमकाने तो असा दुमडला की जणू समोसाच. आक्काने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि पोरं पन्हं प्यायला उठली तेव्हा तिचा हात आपसूक पुढे गेला. एकच टाका, तोही तांदळाच्या कणीएवढा.

सूर्य मावळला आणि रुमालाच्या चारही बाजू सुटल्या. पोरं रडायला लागली.

"कापडच वाईट होतं," आक्का म्हणाली.

"आक्का, आम्ही पाहिलं," पोपट म्हणाला.

पोरांनी नवा रुमाल घेतला. या वेळी आक्का खांबाला टेकून लांब बसली, आणि आठव्या दिवशी तो रुमाल सूर्यास्तानंतरही रुमालच राहिला. पोरं त्याला काठीला बांधून राजवाड्याभोवती तीनदा नाचली.

दुसरं काम बटव्याचं. दोन बाजू शिवायच्या, तोंडाला दुमड घालून त्यातून नाडी ओवायची. वैशाखाचं ऊन, घामाने सुई हातातून सटकत होती. बटवा तीनदा ठकूच्या परकराला शिवला गेला. चौथ्यांदाही तेच झालं, आणि आक्काचा तोल सुटला. "आण इकडे!" म्हणून तिने बटवा ओढून घेतला आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच एक बाजू शिवून टाकली. शिवून झाल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते.

त्या सूर्यास्ताला बटवा सुटला. आणि त्याच संध्याकाळी पोपटाचा डावा पंख रिकामा होऊन लोंबू लागला.

इंदुवदना उभी राहिली. तिच्या हातात सुई होती. ती म्हणाली, "आक्का, आमचे बाबा उसवनाथामुळे नाही, तुमच्यामुळे मरतील."

आक्काला आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. तिला राग आला, फार राग आला. आणि मग तो राग जिथे जायला हवा होता तिथे, म्हणजे तिच्या स्वतःच्या हातांवर गेला. ती उठली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "शिवा. अडलं तर तोंडाने सांगेन." पोरांनी तिच्या पाठीमागे बटवा शिवला. भिंतीचा पोपडा नि पोपडा तिला पाठ झाला, पण बटवा टिकला.

आता पौर्णिमेचा दिवस उजाडला. पोपटात मूठभर कापूस उरला होता. तो बोलत नव्हता. पोट शिवायला भिंतीकडे तोंड करून चालणार नव्हतं. शिवण कुठून कुठे न्यायची ते पाहून सांगावं लागणार होतं. आणि आक्का आपल्या हातांना पुरती ओळखून होती.

"ठके, इकडे ये," ती म्हणाली. "माझे दोन्ही हात पदरात गुंडाळ आणि पदर लुगड्याला शिवून टाक. पक्का शिव."

ठकू कावरीबावरी झाली. "आक्का, मला मुद्दाम तसं येत नाही. चुकून येतं."

"मग चुकून शिव, पण शिव!"

ठकूने शिवलं. दुपारी उसवनाथही येऊन पायरीवर बसला. आक्काचे बांधलेले हात त्याने पाहिले.

पोरं कामाला लागली. "गाठ!" आक्का म्हणाली; भीमकाने गाठ मारली. "दोरा हातभरच!" इंदुवदनेने तोडला. "परकर बाजूला!" ठकू गुडघ्यांवर बसली. तिघं आळीपाळीने शिवत होती. बोटांना सुया टोचत होत्या, कुणी हूं की चूं करत नव्हतं. ऊन खांबावरून उतरून पायरीवर आलं. सात टाके उरले असताना इंदुवदना थांबली.

"आक्का, मधला टाका वाकडा गेलाय. उसवू?"

टाका खरोखर वाकडा होता. वाकडा कसला, बैल उधळल्यासारखा गेला होता! पदराच्या आत आक्काची दहाही बोटं तडफडली, पण ठकूची शिवण जागची हलली नाही. आक्काने टाका पाहिला, पायरीवरचं ऊन पाहिलं, पोपटाचे मण्यांचे डोळे पाहिले. दात उपटून काढावा तसा तिने एक शब्द काढला.

"राहू दे."

पायरीवरचा उसवनाथ एकदम उभा राहिला.

पोरांनी उरलेले सात टाके घातले. भीमकाने, देव त्याचं भलं करो, न सांगता गाठ मारली. सूर्य मावळला. देवडीवर प्रधानजींची तुमान ठरल्या वेळी गळाली. पोपटाचं पोट मात्र मिटलेलंच राहिलं. आणि दांडी मोडून राजा पडवीत दाणकन खाली पडला. हाडामांसाचा, धडधाकट राजा! इंदुवदना त्याच्या गळ्यात पडली ती सुईसकट.

आक्का जागीच रडत होती. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

उसवनाथ तिच्यापुढे आला आणि त्याने कमरेतून एक जुना रुमाल काढला. दीड बाजू शिवलेली होती, नागमोडी, लहान मुलाच्या हातची. उरलेल्या अडीच बाजू सुटलेल्या होत्या. तिथे तांदळाच्या कणीएवढी भोकं तेवढी दिसत होती.

आक्का रुमालाकडे बघत राहिली. मग त्याच्या तोंडाकडे. "नाथ्या? गुरवाचा नाथ्या?"

"तीस वर्षं झाली. सात वर्षांचा होतो," तो म्हणाला. "एकवीस वेळा उसव म्हणालीस, एकवीस वेळा उसवला. बाविसाव्यांदा हातातून ओढून घेतलास. घरी आईला दाखवला. ती म्हणाली, छान आहे, आक्काचा हात लगेच कळतो."

आक्काने रुमालावरची ती भोकं एकेक करून पाहिली.

"माझं चुकलं," आक्का म्हणाली. "तुझ्या हातात सुई राहू द्यायला हवी होती. बस. पूर्ण कर."

इंदुवदनेने सुई ओवून दिली. एवढा मोठा जादूगार, पण त्याने सुई धरली ती सात वर्षांच्या पोरासारखी, मुठीत. दिव्याच्या वाती लागेपर्यंत त्याने अडीच बाजू संपवल्या. आक्का बघत होती. पदर आतून हलत होता.

"वाकडं आहे," ती म्हणाली. आणि मग, "राहू दे."

उसवनाथने गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला. त्याच क्षणी राज्यातला सुटलेला टाका नि टाका जागी परत आला. झेंडा शिवला गेला, जोड्यांनी तोंडं मिटली, आणि देवडीवर प्रधानजींनी हुश्श केलं.

ताटं वाढली. आक्का म्हणाली, "ठके, आता हे उसव. मला जेवायचं आहे."

ठकूने आपली शिवण वाकून निरखली. उभ्या उन्हाळ्यात तिच्या हातून एकच गोष्ट जिथे शिवायची तिथे शिवली गेली होती. तिने मान हलवली. "चांगली आलीय. राहू दे."

आक्का तोंड उघडून काहीतरी म्हणणार होती. तेवढ्यात राजा ताट घेऊन तिच्यापुढे मांडी घालून बसला. वाकताना त्याच्या पोटावरचा वाकडा टाका ओढला गेला. तो आयुष्यभर तसाच ओढला जाणार होता, आणि त्याने तो कधी कुणाला सरळ करू दिला नाही. त्याने वरणभाताचा घास कालवला.

"आई, आ कर," राजा म्हणाला.

आक्काने तोंड उघडलं. राजाने तिला पोटभर जेवू घातलं. इतकी ही कहाणी. शेवटाला गाठ मारली आहे, ओढून पाहा.