एकच चूल

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी, एका धर्मशाळेत, एक वृद्ध गुरुजी आणि त्यांचा शिष्य राहत असत. वाटसरूंची व्यवस्था शिष्याकडे होती आणि त्यांच्या भांडणांनी तो पुरता जेरीस आला होता. नाना मुलखांची माणसं, नाना रीती. शेवटी त्याने विटा आणवल्या. मध्ये भिंती घालायच्या, मग कोण कुणाशी भांडेल?

त्याच संध्याकाळी एक व्यापारी कडाडला, "त्या दोरीवरच्या कसरतवालीला आधी बाहेर काढा. असल्यांच्या शेजारी मी निजणार नाही." बाहेर कडाक्याची थंडी, आणि त्या बाईच्या कडेवर तापाने फणफणलेलं मूल. शिष्य मात्र तिला बाहेर निजवायचं म्हणून ओसरी झाडायला निघालासुद्धा.

गुरुजी उठले. त्यांनी घागर उचलली आणि अंगणातल्या पेटलेल्या चुली एकामागून एक विझवल्या. एकच ठेवली. ऐन भुकेच्या वेळी हा काय प्रकार, म्हणून सगळे अवाक झाले.

"पाळीपाळीने रांधा," एवढंच बोलून ते बाजूला बसले.

मग काय, सगळे धुसफुसत त्या एका चुलीभोवती. व्यापाऱ्याची खिचडी करपू लागली, तशी ती बाई न राहवून म्हणाली, "शेठ, जाळ मागं ओढा. घरी कधी चुलीपुढं बसला न्हाई वाटतं?"

"बायको होती तोवर नव्हतो बसत," व्यापारी म्हणाला.

बाईने स्वतःच जाळ मागे ओढला. "माझा धनी दोरीवरनं पडून गेला. आता त्याच दोरीवर मी चढते."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. रोज वाटते."

"मलाही वाटते," तो हळूच म्हणाला, "रिकाम्या घराचं कुलूप काढताना."

ते ऐकून एक मेंढपाळ बोलू लागला, मग एक विणकर. शिष्याला तर कुणाचं ऐकू आणि कुणाचं नको असं होऊन गेलं. कुणाचा भात कुणाच्या पानात पडला, कळलंही नाही. जेवणं झाल्यावर व्यापाऱ्याने आपलं अंथरूण वाऱ्याच्या दाराशी नेलं आणि भिंतीलगतची उबदार जागा त्या मुलाला दिली.

शिष्य धावतच गुरुजींकडे आला. "गुरुजी, चुली विझवून हे कसं झालं?"

गुरुजी हसले. "अरे, प्रत्येकाची चूल वेगळी, म्हणून कुणाला कुणासाठी थांबावं लागत नव्हतं. थांबलेला माणूस बोलतो, ऐकतोही. त्या दोघांचं जगणं उद्याही निराळंच असेल, आणि खुशाल असावं. पण ज्याची कहाणी ऐकली, त्याला थंडीत बाहेर काढवत नाही."

सकाळी शिष्य त्या विटा चुलीभोवती रचू लागला, बसायला कट्टा म्हणून. निघता निघता व्यापारी थबकला.

"जरा ऐसपैस बांध," तो म्हणाला. "परतीच्या वाटेवर आम्ही सगळे इथेच उतरणार आहोत."